पोट आत, कॅमेरा चालू

मोहालीला भाच्याकडे आठ दिवस राहून आलो. भाचा सॉफ्टवेअरमध्ये. रात्री अमेरिकेत असतो आणि सकाळी सहाला फौजेत.

फौज म्हणजे त्यांच्या सोसायटीतलं लॉन. तिथं ‘बूट कॅम्प’ भरतो. पंचवीसेक माणसं, तीन महिन्यांची फी आगाऊ, उशिरा येणाऱ्याला वीस बर्पी. समोर साहेब. डोक्याला काळी पट्टी, काळा टी-शर्ट, चट्ट्यापट्ट्यांची लष्करी पॅण्ट, गळ्यात शिट्टी आणि गालाला चिकटलेला माइक. बाजूला ट्रायपॉडवर मोबाइल. मोबाइल चालू झाला की साहेब ओरडायला लागतात. एक दिवस मोबाइलची बॅटरी संपली, तर पलटण दहा मिनिटं लवकर सुटली.

चंडीगड-मोहाली हा मुलूखच मुळात फॉल-इन झालेला. सेक्टर रांगेत उभे, रस्ते काटकोनात वळणारे. मोहालीत सेक्टरांच्या जोडीला ‘फेज’ही आहेत, त्यामुळे पत्ता सांगताना दोनदा सलाम ठोकल्यासारखं होतं. पंचकुल्याच्या बाजूला चंडीमंदिरला लष्कराच्या वेस्टर्न कमांडचं मुख्यालय. मोहालीतच सेक्टर 77 मध्ये महाराजा रणजितसिंगांच्या नावाची सरकारी संस्था 2011 पासून पोरांना एनडीएसाठी घडवते. (आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, हेच काम 1977 पासून चालतं, पण आपण त्याची जाहिरात केली तर आपण मराठी कसले!) अशा गावात चट्ट्यापट्ट्यांची पॅण्ट दिसली की लोक आधी मान तुकवतात, मग फी विचारतात.

त्या चट्ट्यापट्ट्यांचीही एक गंमत आहे. 2022 च्या जानेवारीत लष्कराने नवा लढाऊ गणवेश आणला आणि त्याच वर्षी त्याच्या डिझाइनची रीतसर नोंदणी करून घेतली, कारण बाजारात नकला झडायला लागल्या होत्या. शत्रूच्या नजरेतून सुटायला शिवलेला कपडा दुकानदाराच्या नजरेतून काही सुटेना.

पहिल्या दिवशी मी भाच्याला विचारलं, “साहेब कुठल्या पलटणीत होते?”

“मामा, असं विचारायचं नसतं.”

“का? गुप्त मोहीम?”

“नाही हो. एनसीसी. दोन वर्षं. एअर विंग.”

शिवाय साहेब टीव्हीवर होते. एका रिअ‍ॅलिटी शोच्या निवडचाचणीत तिसऱ्या फेरीपर्यंत. तेवढं पुरतं. आपल्याकडे एखाद्या मालिकेत दोन भाग चहा आणून देणारासुद्धा गणपतीच्या फ्लेक्सवर ‘टीव्ही फेम’ म्हणून झळकतो, तिथं तिसरी फेरी म्हणजे परमवीरचक्राच्या खालोखाल.

साहेबांना नावं ठेवायचं मला कारण नाही. बाजारात मागणी आहे, माणूस माल पुरवतो. मागणी कसली आहे? तर निवृत्त फौजी, फिटनेसचा मास्तर आणि टीव्हीवरचा चेहरा, असा तिहेरी माणूस हवा आहे. असा माणूस प्रत्यक्षात मिळणं अवघड जातं, म्हणून तो बनवतात. आणि बनवायचा म्हटला की खरा फौजी त्यात पहिला गळतो.

टीव्हीचा यातला इतिहास मोठा रंजक आहे. तरुणांच्या वाहिनीवर ‘रोडीज’ सुरू झालं ते 2003 मध्ये. पहिलं पर्व जिंकलं रणविजयसिंग सिंघाने. जन्म जालंधरचा, पिढ्यान्‌पिढ्यांचं लष्करी घराणं, वडील लेफ्टनंट जनरल आणि पोरगाही सैन्याच्याच वाटेवर. वाटेत मोटारसायकल आडवी आली. पोरगा टीव्हीवर गेला आणि गेली वीस वर्षं देशातल्या पोरांना ‘शिस्त, जिगर, दम’ म्हणजे काय ते तिथून कळतंय. माझी तक्रार नाही. एवढंच नोंदवतो की जो फौजेत गेला नाही, त्याच्याकडे बघून पोरांना फौजी कसा असतो ते समजलं.

आणि जो गेला होता, त्याचं काय केलं? आपले अच्युत पोतदार घ्या. सैन्यात कॅप्टन होते, 1967 ला बाहेर पडले. पुढे इंडियन ऑइलमध्ये वर्षानुवर्षं नोकरी आणि उतारवयाकडे झुकताना कॅमेऱ्यासमोर. 2025 च्या ऑगस्टमध्ये ते गेले तेव्हा सगळ्यांना ‘थ्री इडियट्स’मधला तो वैतागलेला प्राध्यापक आठवला. खऱ्या कॅप्टनच्या हाती सिनेमावाल्यांनी खडू दिला. रायफल दिली ती मॉडेलांच्या हाती. पोतदारांच्या जागी मी असतो तर कधीतरी सेटवर हीरोला ‘सावधान’ करून ऊन उतरेपर्यंत उभा ठेवला असता. ते सभ्य गृहस्थ होते.

कर्नल राज कपूर यांनी (निळ्या डोळ्यांचे ते वेगळे, हे खरोखरचे कर्नल) निवृत्तीनंतर 1989 मध्ये दूरदर्शनला ‘फौजी’ करून दिली. त्यातून देशाला मिळाला शाहरुख खान. कर्नल स्वतः कुणाला आठवतात? उलट्या बाजूने आलेला एकच माणूस मला मान्य आहे. नाना पाटेकरांनी ‘प्रहार’ काढला 1991 मध्ये, त्याआधी मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर अंग मोडून घेतलं आणि कारगिलच्या वेळी गणवेश चढवून सीमेवर गेले. नाना ओरडतातही, पण ते कॅमेरा बंद असतानाही ओरडतात. एवढी निष्ठा हल्ली दुर्मीळ आहे.

ओरडण्याचं हे खूळ विलायतेतून आलेलं दिसतं. तिकडे हार्वे वॉल्डन नावाचा अमेरिकन मरीन होता, खराखुरा ड्रिल इन्स्ट्रक्टर. त्याला टीव्हीवाल्यांनी जाड्या नटनट्यांवर सोडला आणि कार्यक्रम तुफान चालला. लोकांना व्यायाम बघायचा नसतो. कुणीतरी दुसऱ्या कुणाला व्यायामावरून झापतोय, हे सोफ्यावर बसून बघायचं असतं. हातात वेफर्स असले की आणखी बरं.

आता खरी गोष्ट. मी सातारचा. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जण पडले, तसा दगड गावात आहे. तेव्हा फौजी काय चीज असतो हे आम्हांला रील बघून समजून घ्यावं लागत नाही. आमच्याकडचा फौजी सुट्टीवर येतो तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरतं ते हे, की तो किडकिडीत असतो. दंड वगैरे काही नसतात. त्याची ताकद कुठं असते हे कळतं ऊस भरताना.

निवृत्त फौजीने फिटनेसचा मास्तर होण्याचा धंदाही आमच्याकडे जुना आहे. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गावोगाव ‘करिअर अकॅडमी’ नावाचे पत्र्याचे शेड दिसतील. मालक रिटायर हवालदार नाहीतर सुभेदार. पहाटे साडेचारला तीस-चाळीस पोरं डांबरी रस्त्यावर. वर्षानुवर्षं भरतीचं गणित त्यांना तोंडपाठ: सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की साठ मार्क, दहा बीम काढले की चाळीस, नऊ फुटांचा खड्डा आणि ती वाकडीतिकडी पट्टी. साडेपाचच्या वर एक सेकंद गेला की बारा मार्क गेले. तिथे कुणी ‘यू कॅन डू इट’ म्हणत नाही. “म्हशीगत पळतोयस, घरी जा,” असं म्हणतात. आणि रिटायर सुभेदार पन्नाशीतही पोरांच्या पुढे दहा पावलं पळत असतो. साऱ्या अकॅडमीत आरसा एकच, तोही दाढीपुरता.

या लोकांना टीव्हीने कधी बोलावलं? नाही. त्यांची पॅण्ट साधी खाकी असते.

लष्कराची स्वतःची पीटी हे तर एक शास्त्र आहे. ते शिकवणारी संस्था आपल्या पुण्यात आहे; पलटणीपलटणींतले ‘पीटी उस्ताद’ तिथून तयार होऊन जातात. उस्तादाचं काम जवानाला देखणा करणं हे कधीच नव्हतं. पाठीवर सामान, हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर पळून झाल्यावर दोर चढता आला पाहिजे आणि खंदक उडी मारून ओलांडता आला पाहिजे, एवढंच तो बघतो. तो ‘रगडा’ देतो, ओरडतोही भरपूर. पण त्याच्या ओरडण्याला लाइक मोजायचे नसतात. दमलेला शेवटचा माणूस पहिल्याच्या किती मागे आहे, हे तो मोजत असतो.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. महार रेजिमेंटचा जवान. सियाचिनला राहून आला, राजस्थानच्या वाळूत राहून आला. मग सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत शिरला, तेव्हा गडी चांगलाच जाड झाला होता. लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला हाताशी धरलं आणि तीन महिन्यांत वीस किलो उतरवले. ‘तीन महिन्यांत वीस किलो!’ हे वाक्य देशातल्या प्रत्येक जिमच्या बाहेर लटकतंय. खरं झालं ते एका बराकीत, आणि तिथं फलक नव्हता. पुढे त्याने 2022 च्या राष्ट्रकुलात स्टीपलचेसचं रुपेरी पदक आणलं, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगला 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. एवढं होऊनही साबळेचं ‘डाएट’ विचारायला कुणी जात नाही. भाकरी म्हणाला तर पॅकेज कसलं विकणार?

चंडीगडात होतो म्हणून मिल्खासिंगांचं घर बाहेरून बघून आलो, सेक्टर आठमध्ये. या माणसाची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. फाळणीत घरदार गेलेला पोरगा, सैन्यभरतीत तीनदा नापास, चौथ्यांदा घेतला आणि सिकंदराबादच्या ईएमई केंद्रात पाठवला. तिथं पळायला का लागला? तर पळणाऱ्याला जादा दूध मिळायचं. आजच्या भाषेत ‘न्यूट्रिशन प्लॅन’. एका पेल्यावर माणूस रोमपर्यंत पोचला आणि 1960 मध्ये चौथा आला, तो एवढा प्रसिद्ध चौथा की पहिल्या तिघांची नावं आपण विसरलो. 2013 ला त्यांच्यावर सिनेमा आला. मिल्खांनी गोष्टीचे हक्क एका रुपयाला दिले. पडद्यावरचे मिल्खा पोटावरच्या सहा वड्या घेऊन पळत होते. खऱ्या मिल्खांचे फोटो काढून बघा: फासळ्या मोजाव्यात असा माणूस, डोक्यावर केसांची गाठ. वड्या पाडायला आधी पोटभर खावं लागतं.

शेवटच्या दिवसांत कोविडने गाठलं तेव्हा मिल्खा आधी मोहालीतच इस्पितळात होते. तिथून सुटी मिळाली, पुन्हा बिघडलं, चंडीगडच्या पीजीआयमध्ये नेलं आणि 18 जून 2021 ला गेले. पाच दिवस आधी पत्नी निर्मल कौर गेल्या, त्या मोहालीतच. त्या भारतीय व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या, हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. त्यांच्यावर सिनेमा नाही ना.

त्याच ईएमईत आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातला एक पोरगा भरती झाला होता. पेठ इस्लामपूरचा मुरलीकांत पेटकर. बॉक्सिंग खेळायचा. 1965 च्या युद्धात अंगात नऊ गोळ्या शिरल्या, त्यातली एक मणक्यात राहिली. कमरेखालचं गेलं. उपचार म्हणून मुंबईच्या नौदल इस्पितळात पाण्यात सोडला, तर हा पोहतच सुटला. 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर 37.33 सेकंदांत, जागतिक विक्रम, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. मग पुण्याला टेल्कोत नोकरी आणि चाळीसएक वर्षं पूर्ण शांतता. पद्मश्री 2018 ला. ‘चंदू चॅम्पियन’ आला जून 2024 मध्ये. त्या महिन्यात छापून काय आलं आठवतंय? कार्तिक आर्यनची चरबी 39 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आली! फोटो आधीचा, फोटो नंतरचा, काय खाल्लं, किती दिवस साखर सोडली. देशभर सात टक्क्यांची चर्चा. मणक्यातली गोळी शेवटच्या परिच्छेदात.

पुरस्कारांची कथा याहून झकास. मिल्खांना सरकारने 2001 मध्ये अर्जुन पुरस्कार देऊ केला, तो त्यांनी नाकारला. हा तरुण खेळाडूंसाठी असतो, माझ्यासाठी नाही म्हणाले. पेटकरांनी 1982 मध्ये स्वतः अर्ज केला, तो सरकारने नाकारला. मिळाला जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. ज्याला नको त्याच्या दारात आणि ज्याला हवा त्याला रांगेत: आपली टपाल व्यवस्था.

आणि ज्याच्यात वर्दी, ताकद आणि टीव्ही हे तिन्ही खरोखर एकत्र होते, तो माणूस याच पंजाबचा होता: प्रवीणकुमार सोबती. सीमा सुरक्षा दलाचा गडी, थाळीफेकीत 1966 आणि 1970 या दोन्ही आशियाई स्पर्धांचं सुवर्ण, अर्जुन पुरस्कार 1967 ला वेळेवर. मेक्सिको आणि म्युनिकची ऑलिंपिकं. साडेसहा फूट उंची. बी. आर. चोप्रांना भीम हवा होता आणि भीम असा आयताच वर्दीत तयार मिळाला. ‘महाभारत’ लागलं की रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. तेव्हाच्या माझ्या पिढीच्या शेकडो पोरांनी घरातल्या पितळी तांब्याची गदा करून धाकट्या भावंडांवर चालवली, ती या माणसामुळे. त्याच्या पोटावर वड्या नव्हत्या. पोट होतं, भरदार, भीमाचं. कुणी विचारलं नाही की तुमचं फॅट किती टक्के.

त्याच भीमाने आयुष्याच्या शेवटी, 2021 च्या डिसेंबरात, जाहीर तक्रार केली की आशियाई पदकविजेत्यांना मिळणारी पेन्शन पंजाबच्या एकाही सरकारने मला दिली नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये तो गेला. दोन महिने फाइलला काहीच नसतात. फाइल फिट असते, हळू चालते.

आता या सगळ्या बाजाराला कच्चा माल भरपूर येणार आहे. अग्निवीरांची ‘अग्निपथ’ योजना 2022 मध्ये आली, चार वर्षं नोकरी आणि त्यानंतर शंभरातले पंचवीस आत, बाकी बाहेर. पहिली तुकडी आता सुटण्याच्या बेतात आहे. ऐन पंचविशीच्या आसपासचे, सोळाशे मीटर साडेपाचमध्ये मारणारे, रायफल खोलून जोडणारे, सियाचिनचं वारं खाल्लेले पोरगे. गेटवर उभे राहतील किंवा जिममध्ये. मधली जागा कुठली, हे मी चार जणांना विचारलं. चौघांनीही दोन्हीचेच पगार सांगितले.

मोहालीच्या त्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला असलेला माणूस खरा फौजी होता. सतरा वर्षं नोकरी, नाईक म्हणून रिटायर. संध्याकाळी सात ते सकाळी सात, बारा तास, त्यातले बरेचसे उभ्याने. त्याच्या नावापुढे एजन्सी ‘एक्स-सर्व्हिसमन’ लावते, कारण त्याचा दर सोसायटीला जास्त लावता येतो. त्याच्या हातापर्यंत त्यातलं किती येतं ते मी विचारलं. त्याने उत्तराऐवजी चहा विचारला.

गेटवर रजिस्टर असतं. नाव, कुठून आलात, वेळ. साहेब रोज सकाळी येतात आणि ‘कुठून’च्या रकान्यात झोकात लिहितात: आर्मी. आठ दिवस मी बघत होतो. फौजी ते रोज वाचायचा, शिक्का मारायचा आणि दांडा वर करायचा.

निघायच्या सकाळी बॅग घेऊन गेटवर आलो. माझं जातानाचं लिहायचं होतं. त्याने माझी आल्या दिवसाची नोंद शोधली आणि ‘सातारा’वर बोट ठेवलं.

“गणपत?” तो हसला. फौजेत बाकीचे लोक मराठा पलटणीच्या माणसाला लाडाने गणपत म्हणतात.

“गणपत नाही, गणपतचा शेजारी,” मी म्हणालो.

त्याने माझ्या पोटाकडे एकदाच पाहिलं आणि विश्वास ठेवला. मग त्याच्या बराकीशेजारची मराठा पलटण, त्यांचे ढोल, त्यांच्या लंगरमधला तो झोंबणारा ठेचा, असं बरंच काही निघालं. माझी टॅक्सी उभी राहिली, तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेब धावत उतरले, सही ठोकली, आर्मी लिहिलं आणि शिट्टी सावरत लॉनकडे पळाले.

फौजीने घड्याळ बघितलं. वेळेच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 6:07 लिहिलं आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला,

“बीस.”